घरी बनवलेली बाहेरची पाटी : आत ओल साचू नये म्हणून काय करावं?

चैत्रपालवी

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयासाठी पाटी करायला घेतली आहे. फाटकाशेजारच्या भिंतीवर लागेल. चार फूट बाय दोन फूट, खोली सहा इंच. जुन्या घराच्या दाराचं सागवान मिळालंय, त्याची चौकट. पुढे दुधी अ‍ॅक्रिलिक, त्यावर हाताने रंगवलेली अक्षरं, आत एलईडी, मागे प्लाय. भिंत चिऱ्याची आणि तोंड पश्चिमेला, म्हणजे झड सरळ अंगावर.

आधीची पाटी बाहेरून करून आणली होती. तिचं काय होतंय ते येता-जाता दिसतच होतं. पावसाळ्यात सकाळी अ‍ॅक्रिलिकच्या आतून बारीक थेंब, दुपारी ते गायब, आणि जिथून ओघळले तिथे धुळीच्या रेघा. गणपतीपर्यंत खालच्या कडेला बोटभर पाणी साचलेलं बाहेरून दिसायला लागलं. दिवाळीला उघडली तेव्हा आत शेवाळ, प्लायचे पापुद्रे सुटलेले आणि एलईडीच्या पट्टीवरचं तांबं हिरवंगार.

आता मला दोन अगदी उलटे सल्ले मिळालेत. एक जण म्हणतो, चारही बाजूंनी सिलिकॉन मारून डबा हवाबंद करा. दुसरा म्हणतो, खाली भोकं ठेवा. भोकं ठेवली तर आमच्याकडची दमट हवा आत जाणारच, मग उपयोग काय? ज्यांनी स्वतःच्या हाताने अशी कामं केली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. मृगाच्या आत पाटी चढवायची आहे.

घाटमाथा

चैत्रपालवीताई, भोकं ठेवा. का ते सांगतो, म्हणजे उद्या कुणी ती बुजवायला निघालं तर त्याला समजावता येईल.

संध्याकाळी दिवे लागले की आतली हवा तापते, फुगते आणि मिळेल त्या फटीतून बाहेर पडते. दिवे बंद झाले, किंवा उन्हात तापलेल्या डब्यावर एकदम सर आली, की हवा आकसते आणि डबा बाहेरून ओढायला लागतो. त्या वेळी फटीवर पावसाचं पाणी उभं असेल तर हवेऐवजी पाणीच आत ओढलं जातं. तुमच्या आधीच्या पाटीत बोटभर पाणी जमलं ते बहुतेक असंच. आणि एकदा आत आलेल्या पाण्याला परतीची वाट नव्हती, कारण खालचा सांधाही बंद असणार.

आता हवाबंद डब्याचं बघा. आतली हवा ४५ अंशांवरून २७ वर आली की दाब साधारण ६ टक्क्यांनी उतरतो. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर अर्ध्या मीटरहून उंच स्तंभाचा दाब. चार बाय दोनच्या शीटवर तो पूर्ण आला तर चारशे किलोच्या वर जोर भरतो. प्रत्यक्षात तेवढा भरत नाही, कारण त्याआधीच अ‍ॅक्रिलिक आत वाकतं. पण रोज आत-बाहेर वाकणाऱ्या शीटच्या कडेला सिलिकॉन किती पावसाळे धरून राहील? केसाएवढी फट सुटली की पुरे, सगळी ओढ त्या एका जागी लागते.

म्हणून वरून आणि बाजूंनी पाणी येऊ द्यायचं नाही, खालून मात्र मोकळं ठेवायचं. घरच्या स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाला खाचा असतात ना, अगदी तेच काम इथे भोकांनी करायचं.

चौकटीच्या खालच्या पट्टीला दोन्ही टोकांशी एकेक आणि मधे एक, अशी तीन भोकं. ८ मिमीची. ५ पेक्षा लहान पाडू नका, थेंब भोकातच अडकून बसतो. पट्टीची आतली बाजू सपाट ठेवू नका, रंधा मारून भोकांकडे उतार द्या. हा उतार बहुतेक जण देत नाहीत, आणि मग भोकं असूनही दोन भोकांच्या मधे पाणी पडून राहतं.

सुतारपक्षी

ताई, जुनं सागवान मिळालं हे फार छान. पण माझ्या मते या पाटीत ओल येण्याची सर्वांत मोठी वाट लाकूडच आहे, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. आमच्या सावंतवाडीकडे आषाढात लाकडातली ओल १८ ते २० टक्क्यांपर्यंत चढते. एप्रिलमध्ये तेच लाकूड १२-१३ वर असतं. घाटावर तर अजून खाली. हे पाणी दिसत नाही, पण असतं.

पट्ट्यांच्या तोंडाकडून, म्हणजे जिथे आडवा काप दिलाय तिथून, लाकूड सगळ्यात भराभर पाणी पितं. कोपऱ्याचे सांधे जुळवण्याआधी ती तोंडं पातळ एपॉक्सीने दोनदा भरून घ्या. पहिला हात पिऊन टाकेल, दुसरा वर राहील. भोकं पॉलिशच्या आधी पाडा आणि भोकाच्या आतली भिंतही एपॉक्सीने भरा, नाहीतर घाटमाथांनी सांगितलेली पाण्याची वाट लाकूडच चोखत बसेल.

दुसरं, चौकट आतूनही रंगवा. बाहेरून चार हात आणि आतून कोरडी अशी चौकट हमखास वाकते, कारण एक बाजू ओल घेते आणि दुसरी घेत नाही. जेवढे हात बाहेर तेवढेच आत.

अळशीचं तेल कुणी सुचवलं तर आपल्या किनारपट्टीवर बाहेरच्या कामाला लावू नका. दिसायला सुरेख, पण बुरशीला ते खाद्य आहे, श्रावणात काळे ठिपके दिसायला लागतात. बाहेरच्या वापराचं पीयू (पॉलियुरेथेन) किंवा बोटींना मारतात ते मरीन व्हार्निश घ्या.

मागचा प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा बीडब्ल्यूपी, घ्या. पापुद्रे सुटले म्हणजे आधीचा एमआर, म्हणजे फक्त थोडा दमटपणा सोसणारा, असावा, तो घरातल्या कपाटासाठी ठीक. आणि ७१० घेतला तरी कापलेल्या कडा भरायच्याच.

रातराणी

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे मूळ प्रश्नातला "दमट हवा आत जाणारच" हा भाग मला हिशेबाने बघावासा वाटला.

चार फूट बाय दोन फूट बाय अर्धा फूट म्हणजे चार घनफूट, सुमारे ११३ लिटर हवा. ३० अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता धरली तर एवढ्या हवेत साधारण ३ ग्रॅम वाफ असते. रात्री पारा २४ वर आला तर त्यातलं जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम पाणी सुटतं. दहा-पंधरा थेंब. म्हणजे सकाळी दिसणारी आणि दुपारी उडून जाणारी ती वाफ. तिच्याने पाटी बिघडत नाही.

बोटभर पाणी मात्र हवेतून येऊच शकत नाही. एवढ्या पाटीत बोटभर म्हणजे काही लिटर. ते द्रवरूपातच आत शिरलेलं असणार. म्हणून पाटी उघडल्यावर आधी एवढंच बघायचं : धुकं आहे की तळं? धुकं असेल तर वायुवीजन वाढवायचं. तळं असेल तर गळणारा सांधा शोधायचा.

सुतारपक्षींच्या मुद्द्यालाही आकडा देते. तुमच्या चौकटीत सहा इंच रुंद, एक इंच जाड सागवान धरलं तर आठ-एक किलो कोरडं लाकूड होतं. त्याची ओल ६ टक्क्यांनी वाढली की ४८० ग्रॅम पाणी लाकडात जाऊन बसलं. जवळजवळ अर्धा लिटर! आणि मधे चार दिवस ऊन पडलं, डबा तापला, की त्यातलं बरंचसं आतल्या बाजूला सुटतं. आतल्या हवेत ३ ग्रॅम आणि आतल्या लाकडात ४८०. आतून रंगवायला का सांगतात ते यावरून लक्षात येईल.

चैत्रपालवी

रातराणी, तुमच्या आकड्यांनी माझी हवेबद्दलची भीती गेली. मी उगाच हवेच्या मागे लागले होते. सुतारपक्षीदादा, चौकट अजून जोडलेली नाही, त्यामुळे तोंडं भरता येतील. आतून रंगवायचं मनातही नव्हतं.

सिलिका जेलच्या पुड्या आत टाकल्या तर?

घाटमाथा

सिलिका जेल बंद डब्यासाठी. श्वास घेणाऱ्या डब्यात ते आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी पितं आणि गप्प बसतं. मग काढून तासन्‌तास ओव्हनमध्ये १२० अंशांवर सुकवायचं, परत ठेवायचं. वाचनालयात हे कोण करणार? पैसे चांगल्या व्हार्निशला घाला.

दर्यावर्दी

मी जहाजावर इलेक्ट्रिकल बघतो. घाटमाथांचा मुद्दा पटतो, पण "बंद करूच नका" हे सरसकट मान्य नाही. डेकवरचे दिवे लाटा अंगावर घेतात आणि वर्षानुवर्षं कोरडे राहतात. तिथे ओतीव धातूचा डबा असतो, जाड गॅस्केट असते, ती ठरावीक दाबाने आवळलेली असते आणि वायर ग्लँडमधून, म्हणजे वायरला घट्ट आवळणाऱ्या बुचातून, आत येते. हे सगळं नीट असेल तर बंद डबा चालतो.

शिवाय छोट्या कामात तर बंदच उत्तम. सुटी थ्रीडी अक्षरं असतील, इंच-दीड इंच खोल, तर एलईडी बसवून ती पोकळी सिलिकॉन किंवा पीयू रेझिनने भरून टाका. आत हवाच नाही तर ओढ कसली? साधं एपॉक्सी नको, उन्हात पिवळं पडतं.

घाटमाथा

अक्षरं भरून टाकण्याबद्दल पूर्ण सहमत. मीही तेच करतो, आणि त्या अक्षरांची तक्रार येत नाही.

पण ओतीव डबा आणि सागवानी चौकट यांत मोठा फरक आहे, दर्यावर्दी. ओतीव डबा वाकत नाही. इथे तीन गोष्टी एकत्र आहेत आणि तिघी वेगवेगळ्या हलतात. अ‍ॅक्रिलिक तापलं की वाढतं : चार फुटांची शीट ३० अंशांच्या फरकाला अडीच मिमी लांब होते. सागवान लांबीत उष्णतेने जवळजवळ हलत नाही, रुंदीत ओलीने फुगतं. प्लायचं तिसरंच. त्यांना सिलिकॉनने एकमेकांना घट्ट बांधलं तर सांधा तरी सुटेल किंवा अ‍ॅक्रिलिकला स्क्रूपाशी तडा तरी जाईल.

म्हणून ताई, अ‍ॅक्रिलिकला भोकं पाडून स्क्रू मारू नका. चौकटीला आतून खाच काढा, शीट त्यात रबर बीडिंगवर तरंगती बसवा आणि लांबीच्या दिशेला दोन्हीकडे मिळून ५ मिमी जागा ठेवा. सिलिकॉन फक्त वरच्या आणि दोन बाजूंच्या कडेला, बाहेरून. खालची कड मोकळी.

सिलिकॉन घेताना न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. दुकानात सहसा हातात येतं ते व्हिनेगरसारखा वास मारणारं. ते सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं, आणि बंद जागेत ते आम्ल तांब्याला आणि गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला खातं. एलईडीजवळ ते नकोच.

एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही : पाणी वायरच्या आतूनही येतं. बाहेरच्या वायरीतल्या बारीक तारांच्या मधली जागा नळीसारखी वागते. वायरचं बाहेरचं टोक उघड्यावर कुठे जोडलेलं असेल आणि त्या जोडावर फक्त काळी टेप गुंडाळली असेल, तर डबा थंड होताना त्या तारांमधून पाणी ओढून घेतो. सांधे सगळे कोरडे आणि एलईडीच्या जोडापाशी मात्र थेंब, असं दिसलं की समजायचं वायरमधून आलंय. जोड कोरड्या जागी, घरात आणा. आणि वायर पाटीत खालून घ्या, आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरवरून वाहत आलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकून जाईल.

दर्यावर्दी

वायरबद्दल शंभर टक्के. जहाजावरही ग्लँड कोरडी, गॅस्केट कोरडी आणि आत पाणी, असं दिसलं की आम्ही केबलचं दुसरं टोक शोधतो.

लाकडी डब्याला ओतीव डब्याचे नियम लावता येत नाहीत हे मान्य. एक भर घालतो. पॅकिंगवर आयपी ६५, आयपी ६७ हे धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचे आकडे लिहिलेले वाचून लोक निर्धास्त होतात. ६५ म्हणजे पाण्याचा फवारा चालतो, ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी चालतं. दमटपणा आणि रोजचं तापणं-निवणं यांची परीक्षा त्या आकड्यात नाही. शिवाय सिलिकॉनच्या नळीतली एलईडी पट्टी कात्रीने कापली की त्या टोकाचं आयपी तिथेच संपलं. टोपी आणि न्यूट्रल सिलिकॉनने ते टोक बंद करावंच लागतं. त्यापेक्षा सुटी मॉड्यूलं घ्या, प्लास्टिकमध्ये पूर्ण बुजवलेली येतात ती. तुमच्या पट्टीवरचं हिरवं तांबं बहुतेक प्लसच्या बाजूचं असेल. डीसी प्रवाह आणि ओल एकत्र आली की प्लसकडचं तांबं आधी जातं.

मांडवी

मी पणजीहून लिहितेय. आमच्याकडे घरांच्या नावांच्या पाट्या हाताने रंगवलेल्या टाइल्सच्या असतात, पोर्तुगीज काळापासूनची अझुलेजूची पद्धत. त्यात दिवे नसतात, डबा नसतो, तरी ओलीचा त्रास असतोच, आणि तो भिंतीकडून येतो. चिरा पाणी धरून ठेवतो. पाऊस थांबल्यावरही भिंत कितीतरी दिवस ओली राहते. टाइलची चकचकीत बाजू पाणी जाऊ देत नाही, म्हणून भिंतीतलं पाणी टाइल्सच्या सांध्यांतून बाहेर पडतं आणि जाताना क्षार सोडून जातं. सांध्यांवर पांढरा लोणा चढतो आणि मग टाइलच्या कडेची झिलई उडायला लागते.

चैत्रपालवी, तुमची भिंत चिऱ्याची आहे, म्हणून लिहावंसं वाटलं. पाटी भिंतीला चिकटवून लावू नका. मागे निदान इंचभर पोकळी ठेवा. आम्ही टाइल्सची पाटीसुद्धा आता आधी फळीवर चढवतो आणि ती फळी स्टीलच्या ठोकळ्यांवर भिंतीपासून सुटी ठेवतो. लोणा येणं थांबलं.

सुतारपक्षी

मांडवीताईंनी अगदी नेमकं सांगितलं. ती इंचभर पोकळी वरून मात्र झाकली पाहिजे, नाहीतर भिंतीवरून उतरणारं पाणी थेट प्लायच्या पाठीवर. पाटीच्या डोक्यावर उतरतं छप्पर करा, मागे भिंतीला टेकलेलं आणि पुढे दीड-दोन इंच बाहेर आलेलं. छपराच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेपासून बोटभर आत, करवतीने एक सरळ खाच मारा. गवंडी छज्जाच्या खाली मारतात तशीच. पाणी कडेवरून खाली वळून लाकडाला धरून मागे सरकतं आणि थेट अ‍ॅक्रिलिकच्या वरच्या सांध्यावर येतं. खाच असली की तिथेच सुटून पागोळी पडते. पाच मिनिटांचं काम आहे, पण माझ्या अनुभवात सिलिकॉनच्या आख्ख्या ट्यूबपेक्षा या खाचेने जास्त पाट्या वाचवल्यात.

स्क्रू ३१६ स्टीलचे मिळाले तर बघा. ३०४ ला खाऱ्या वाऱ्यात तांबूस डाग पडतात आणि ते लाकडावर उतरतात.

टकटक

मधेच विचारतो. भोकांतून पाली आणि मुंग्या शिरत नाहीत का? आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या बोर्डात पालीने आत अंडी घातली होती, आणि एकदा एक पाल एसएमपीएसमध्ये (घरच्या विजेचे १२ व्होल्ट करून एलईडीला देणारा डबा) चिकटून सगळा बोर्ड बंद पडला.

घाटमाथा

शिरतात. उजेडाला किडे येतात आणि किड्यांमागे पाल. जाळी लावायचीच, स्टेनलेसची. मात्र डासांची बारीक जाळी भिजली की पाण्याचा पडदा धरून बसते आणि धूळ चिकटली की बुजते. दीड-दोन मिमी जाळीची असेल तर पाल अडते, पाणी अडत नाही. मुंग्या जातील, त्यांचं एवढं नुकसान नाही.

एक जुगाड सांगतो. जाळीतून स्टीलच्या तारेचा बोटभर तुकडा खाली लोंबता सोडा. जाळीवर अडलेलं पाणी तारेला धरून खाली उतरतं. मी दोन भोकांपैकी एकाला तार लावून आणि एकाला न लावता शेजारी-शेजारी पाहिलंय. तार असलेलं भोक कायम कोरडं, दुसऱ्याखाली थेंब लटकलेला.

जाळीपेक्षा मोठा शत्रू म्हणजे कुंभारीण माशी. पावसाळा संपता-संपता ती ओली माती आणून भोक लिंपून टाकते, आणि बाहेरून ते भोक उघडंच वाटतं. दसऱ्याच्या साफसफाईत एक काडी घालून बघायची. मुंबई-ठाण्याकडे हे फार दिसतं. २०२२ च्या कायदा दुरुस्तीनंतर दुकानांना देवनागरी मराठी पाट्या सक्तीच्या झाल्या आणि २५ नोव्हेंबर २०२३ च्या मुदतीआधी खूप बोर्ड घाईत उभे राहिले. त्यातले दुरुस्तीला आलेले जे मी उघडले, त्यात एक तर भोकंच नव्हती किंवा होती ती मातीने बुजलेली.

चैत्रपालवी

तार लावते नक्की. आता विजेचं. एसएमपीएस पाटीच्या आत ठेवायचा की बाहेर? दुकानदार म्हणाला रेनप्रूफ आहे, आतच ठेवा.

दर्यावर्दी

वाचनालयाच्या आत ठेवा. फाटकाजवळची पाटी मुलांचा हात पोचेल अशी असते. २३० व्होल्ट तिथपर्यंत नेऊच नयेत. फक्त १२ व्होल्ट बाहेर जाऊ द्यात. रेनप्रूफ म्हणजे वरून पडणारा पाऊस चालतो एवढंच, आडव्या झडीचं काही सांगता येत नाही.

अंतर किती? दहा मीटर असेल आणि मॉड्यूलं मिळून ३ अँपिअर घेत असतील तर दीड चौरस मिमीच्या वायरवर जाऊन-येऊन पाऊण व्होल्ट पडतो. अडीचची वायर घेतलीत तर अर्ध्याच्या आत. अडीचचीच घ्या, उजेड सारखा राहील. आणि वाचनालयाच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर ती या निमित्ताने बसवून घ्या, पाटी असो वा नसो.

रातराणी

एक सुचवते. जुलै-ऑगस्टमध्ये दिवे पूर्ण बंद न करता रात्रभर अगदी मंद ठेवता आले तर बघा. आतलं तापमान बाहेरपेक्षा दोन अंश जरी जास्त राहिलं तरी आतली सापेक्ष आर्द्रता दहा-अकरा टक्क्यांनी उतरते आणि धुकं धरतच नाही. विजेच्या मोठ्या पॅनेलांमध्ये याच कारणासाठी छोटे हीटर बसवतात. १२ व्होल्टच्या बाजूला लावायचा एलईडीचा साधा डिमर पुरेल.

चैत्रपालवी

डिमर करता येईल, अंतर आठ मीटर आहे.

निळी शाई

धागा वाचतोय, खूप शिकायला मिळालं. माझी पाटी बिनदिव्याची आहे, जीआय पत्र्यावर ऑइल पेंटने हाताने लिहिलेली. दर पावसाळ्यानंतर रंग पापुद्र्यासारखा निघतो, खाली पत्रा मात्र चकचकीत, गंज नाही. पाणी रंगाच्या मागे कसं जातं?

घाटमाथा

निळी शाई, तुमच्या पत्र्यावर जस्ताचा थर आहे आणि ऑइल पेंटमधल्या तेलाची त्या जस्ताशी प्रक्रिया होते. मधे साबणासारखा थर तयार होतो, तिथे ओल शिरते आणि रंग सुटतो. रेड ऑक्साइड मारूनही हेच होणार, तोही तेलाचाच. सगळा रंग काढा, पत्रा धुऊन पॉलिश पेपरने घासा, मग एच (etch) प्रायमरचा, म्हणजे जस्ताला धरून बसणाऱ्या प्रायमरचा, पातळ हात आणि त्यावर तुमचा नेहमीचा रंग. पाठीमागूनही रंगवा. खालची कड दुमडलेली असेल तर त्या दुमडीत पाणी थांबतं, तिथे एक-दोन भोकं पाडून घ्या आणि भोकांच्या कडांनाही प्रायमर लावा.

चैत्रपालवी

शेवटचा प्रश्न. अक्षरं अ‍ॅक्रिलिकच्या आतून उलटी रंगवायची की बाहेरून? आतून रंगवली तर पावसापासून वाचतील असं वाटलं होतं.

घाटमाथा

बाहेरून. आत सकाळचं धुकं धरतं तेव्हा ते रंगाच्या कडेवरच धरतं, आणि आतला रंग सुटला तर दुरुस्तीला सगळा डबा उघडावा लागतो. बाहेरचा रंग शिडी लावून जागच्या जागी सुधारता येतो. शीट आधी ४०० नंबरच्या पेपरने फक्त अक्षरांच्या जागी हलकी घासा. रंग पातळ करायला एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर अजिबात नको, त्याने अ‍ॅक्रिलिकला बारीक चिरा जातात आणि त्या उजेडात स्पष्ट दिसतात. टर्पेंटाइन वापरा, आणि तेही आधी कापलेल्या तुकड्यावर लावून रात्रभर ठेवून बघा. पुसायलाही थिनर नको, साबणाचं पाणी आणि मऊ फडकं.

सुतारपक्षी

आणि ताई, व्हार्निशचा शेवटचा हात झाल्यावर अ‍ॅक्रिलिक बसवायची घाई करू नका. चौकट आठवडाभर वाऱ्यावर सुकू द्या. वास पूर्ण गेला की मगच शीट आत सरकवा.